मंद पेटणारा लाल दिवा

जुन्या मॉरिस मायनरची बॅटरी सारखी उतरते म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांनी बहुतेक वेळा नवी बॅटरी घेऊन पाहिलेली असते. ती थोडे दिवस चालते, मग पुन्हा धक्का. पुढचा सल्ला तयारच असतो : डायनॅमो काढा, अल्टरनेटर बसवा. मला हे पटत नाही. दोष कुठे आहे हे मीटर सांगत नाही तोवर 1948 ते 1971 दरम्यान बनलेल्या या गाडीचा एकही मूळ भाग हलवू नये.

सुरुवात डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यापासून करावी. त्याचं एक टोक इग्निशन स्विचकडे, म्हणजे बॅटरीकडे असतं आणि दुसरं डायनॅमोकडे. दोन्हीकडचा विजेचा दाब सारखा झाला की तो विझतो. आयडलिंगला मिणमिणला तर घाबरू नये. कमी फेऱ्यांवर डायनॅमो चार्ज करतच नाही. पण भर वेगातही मंद लाली उरली, तर डायनॅमो आणि बॅटरी यांच्या वाटेत कुठेतरी दाब गळतो आहे. अशा वेळी मी आधी कटाऊटचे, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे पॉइंट, गंजलेली टर्मिनलं आणि अर्थची पट्टी पाहतो. मुंबईच्या दमट हवेत दोष बहुधा इथेच सापडतो. मात्र दिवा विझला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. रेग्युलेटर कमी दाबावर लागलेला असेल तर दिवा विझलेला राहतो आणि बॅटरी उपाशीच.

डायनॅमोची परीक्षा सोपी आहे. आधी बेल्टचा ताण बघा. मग डायनॅमोवरच्या 'डी' आणि 'एफ' या दोन्ही वायरी सोडवा, ती टर्मिनलं उघड्या तारेने जोडा, तार आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावा आणि रेस हळूहळू वाढवा. काटा न थरथरता झरझर चढला पाहिजे. 20 व्होल्टच्या पुढे नेऊ नका. काटा हललाच नाही तर ब्रश बघावेत. अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर संशय फील्ड कॉइलवर, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरवर.

आर्मेचर बाहेर काढलं की कम्युटेटर डोळ्यांजवळ धरून पाहतो. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या बरोबरीला आला असेल तर ब्रश उडतात, ठिणग्या पडतात. हॅकसॉच्या तुटक्या पात्याने तो अभ्रक खाली कोरून काढणं हे डोळे आणि हात दोन्ही लावून करायचं काम आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. असा सी-40 डायनॅमो पुन्हा आपले 22 अँपिअर देऊ लागतो. मूळ हेडलाइट आणि वायपरला तेवढे पुरतात.

बसवताना एक गोष्ट विसरू नये. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. म्हणून वायरी जोडल्यावर कंट्रोल बॉक्सवरची 'एफ'ची वायर सोडवून ती बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची, म्हणजे फील्डमध्ये योग्य दिशेचं चुंबकत्व राहतं. उलटं राहिलं तर कटाऊटचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटतात.