तीन वर्षांची मुदत

हास्यरसाची परीक्षा त्याच्या विषयाच्या लहानपणावर करावी, असे माझे मत फार दिवसांपासून बनले आहे. राजा घसरून पडला, मंत्र्याची फजिती झाली, सावकाराचे पितळ उघडे पडले, की लोक हसतात, आणि त्यांनी हसावेही. परंतु ज्या प्रसंगात कोणी मोठा नाही, गमावण्यासारखे काही नाही, आणि जे घडले ते दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानातही राहावयाचे नाही, अशा प्रसंगातून जो निर्मळ हास्य उत्पन्न करील, त्याची कारागिरी मला अधिक श्रेष्ठ वाटते. जपानी ॲनिमेच्या विस्तीर्ण दुनियेतील समुराई, राक्षस, यंत्रमानव आणि जगबुडी या सर्वांशी माझा परिचय आहे व त्यांतील कित्येकांवर माझा लोभही आहे. तरी माझे मन वारंवार जाऊन बसते ते एखाद्या मामुली शाळेच्या वर्गात, खिडकीकडेच्या मागल्या बाकावर.

‘निचिजो’ या मालिकेचा पहिलाच भाग घ्या. केइइची अरावी यांच्या चित्रकथेवरून क्योतो ॲनिमेशन या संस्थेने २०११ मध्ये ही २६ भागांची मालिका केली. मधल्या सुट्टीत युको नावाची मुलगी डबा उघडून बसली आहे. डब्यात सॉसेजचा एक तुकडा आहे, आणि जपानी आया मुलांना रिझवण्यासाठी करतात त्याप्रमाणे त्याला खालून चिरा देऊन ऑक्टोपसचा आकार आणलेला आहे. तो तुकडा निसटतो. घटना एवढीच. पण त्या क्षणापासून काळाची गती मंदावते, रेषा ठळक होतात, संगीताला युद्धकांडातील आवेश चढतो, आणि तो तुकडा जमिनीला लागू नये म्हणून युकोने केलेला आकांत चित्रकारांनी अशा तपशिलाने रेखाटला आहे, की एखाद्या राज्याचे भवितव्य त्यावर अवलंबून असते तरी याहून अधिक श्रम कोणी घेतले नसते. याच मालिकेत शाळेचे प्रौढ, गंभीर मुख्याध्यापक आवारात एका हरणाशी कुस्ती खेळतात आणि हरणाला कमरेतून उचलून मागे आपटतात. युको खिडकीतून ते पाहते. मी हे दृश्य पुष्कळदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मला हसू येते त्याहून अधिक आदर वाटतो. कारण ॲनिमेत प्रत्येक हालचाल कोणीतरी बसून, कागदावर वाकून, एकामागून एक काढलेली असते, आणि एवढी मेहनत डब्यातल्या तुकड्यावर खर्च करणारा मनुष्य त्या तुकड्याला क्षुद्र मानत नाही हे उघड आहे.

पुण्यात शिकत असताना माझा खोलीतला सोबती मला नेहमी विचारी, “अरे, पण यात घडतं काय?” प्रश्न रास्त होता. ‘लकी स्टार’ या २००७ मधील मालिकेच्या पहिल्या भागात मैत्रिणी कितीतरी वेळ एकाच गोष्टीची चर्चा करीत बसतात: शंखाच्या आकाराचा, आत चॉकलेट भरलेला पाव खावयाचा तर निमुळत्या टोकाकडून की रुंद तोंडाकडून, आणि त्याचे डोके नेमके कोणते म्हणावे. रूढ अर्थाने त्यात घडत काहीच नाही. परंतु ज्याने वसतिगृहात दोन वर्षे काढली असतील त्याने स्मरणाला जरा ताण देऊन पाहावा. परीक्षांचे मजकूर, प्राध्यापकांची व्याख्याने, इतकेच काय पण ज्या विषयांत आपण पहिल्या वर्गाचे गुण मिळवले त्यांची नावेही धूसर झालेली असतात; आणि मेसच्या आमटीत डाळ किती व पाणी किती यावर रात्री दीडपर्यंत झालेला कडाक्याचा वाद मात्र, कोण कोठे बसले होते यासह, जसाच्या तसा उभा राहतो. त्या सोबत्याला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, पण आज माझी कैफियत अशी आहे की विद्यार्थिदशेत घडते ते असेच घडते, आणि हे सांगण्याचे धैर्य फार थोड्या कलाकृतींना असते.

या प्रकारच्या मालिकांत माझ्या मते अग्रपूजेचा मान ‘अझुमांगा दाइओ’ हिचा. कियोहिको अझुमा यांची चार चौकटींची ही चित्रकथा १९९९ ते २००२ या काळात मासिकातून प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्येच तिचे २६ भागांचे ॲनिमे झाले. चार चौकटींच्या या प्रकाराला फार कडक शिस्त आहे: पहिल्या चौकटीत विषयाचा आरंभ, दुसरीत विस्तार, तिसरीत अनपेक्षित वळण आणि चौथीत शेवट, ही चतुष्पदी रचना मुळात चिनी काव्यशास्त्रातून आलेली आहे. जपानी रंगमंचावरील ‘मांझाइ’ या दुकलीच्या विनोदाचेही या मालिकांवर मोठे ऋण आहे. त्यात एक जण भोळेपणाने काहीतरी भलतेच बोलतो आणि दुसरा त्याला तत्काळ धारेवर धरतो. आपल्या तमाशातील बतावणी ज्याने ऐकली आहे त्याला ही जोडी ओळखीची वाटेल. ओसाका हे शहर या कलेचे माहेरघर समजले जाते, आणि म्हणून अझुमांगाच्या वर्गात जेव्हा त्या शहरातून आयुमु कासुगा ही नवी मुलगी येते, तेव्हा ही आता धडाक्याने बोलणार, सर्वांना हसवून सोडणार, अशी वर्गाची खात्री होऊन तोमो नावाची उपद्व्यापी मुलगी तिचे नावच ‘ओसाका’ ठेवून टाकते. प्रत्यक्षात ही ओसाका निघते संथ, स्वप्नाळू, वर्गात फळ्याकडे पाहता पाहता भलत्याच विचारात हरवून जाणारी. तिच्यावर लादलेले नाव ती बिनतक्रार वागवते आणि स्वभाव मात्र स्वतःचाच ठेवते. प्रत्येक वर्गात अशी एक व्यक्ती असते, आणि तिला ‘ढ’ या सदरात ढकलून मोकळे होणारे शिक्षकही असतात. अझुमा यांनी तिला सर्वांत सुंदर वाक्ये दिली आणि मालिकेच्या अखेरीस, तू चांगली शिक्षिका होशील असे वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीच्या तोंडून तिला सांगविले.

आणि साकाकी! उंच, अबोल, खेळात निष्णात, जिच्याकडे पाहून मुली दबून राहतात, अशी ही मुलगी अंतर्यामी मांजरांवर अपार माया करणारी आहे. घरी आईला मांजर सोसत नाही, म्हणून पाळण्याची मुभा नाही. शाळेच्या वाटेवर कुंपणाच्या भिंतीवर एक करडे मांजर बसलेले असते. साकाकी थांबते, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करते, आणि अत्यंत सावकाश हात पुढे करते. मांजर निश्चल डोळ्यांनी पाहत राहते. बोटे त्याच्या कपाळापासून तसूभर अंतरावर येतात, आणि त्याच क्षणी ते तोंड वासून तिचा सगळा पंजा दातांत धरते. हा प्रसंग ऋतुमागून ऋतू घडतो, हाताला पट्टी येते, पट्टी सुटते, आणि हात पुन्हा पुढे होतो. शाळेच्या सहलीत ती ओकिनावाकडील इरिओमोते बेटावर जाते. तेथील रानमांजर जगात इतरत्र कोठेही आढळत नाही आणि आता नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. त्याचे एक पिल्लू तिला न चावता तिच्याजवळ येते. मी त्या भागात हसावयाचे विसरलो. अनेक भाग नुसता हास्याचा विषय वाटलेली गोष्ट ही वस्तुतः एका मुलीच्या चिकाटीची हकीकत होती, हे त्या पिल्लाच्या आगमनाने मागाहून ध्यानात येते.

आता मुदतीची गोष्ट. जपानी दूरदर्शनवरील ‘साझाए-सान’ ही मालिका ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी चालू आहे. ती संपली की उद्या पुन्हा शाळा, पुन्हा कचेरी, या विचाराने तेथील लोकांना जी उदासी येते तिला त्या मालिकेचेच नाव पडले आहे. त्या घरातला कात्सुओ इतक्या वर्षांत पाचवीच्या वर्गातून पुढे सरकलेला नाही. आमच्या लहानपणी हिंदीतून घरोघर पोचलेला ‘डोरेमॉन’मधला नोबिताही तसाच; त्याचे शून्य गुण, त्याची आईने घेतलेली हजेरी, त्याची दुपारची झोप, सर्व काही कालातीत. त्या चिरंतन बाल्याचे सुख मी नाकारीत नाही. परंतु ज्या मालिका उच्च माध्यमिक शाळेची तीन वर्षे प्रामाणिकपणे मोजतात, त्यांच्यातील हास्याला एक निराळीच खोली येते. एप्रिलमध्ये चेरीच्या बहरात प्रवेशसमारंभ, जुलैत उन्हाळ्याची सुट्टी, शरदात शाळेचा महोत्सव, दुसऱ्या वर्षी सहल, तिसऱ्या वर्षी जानेवारीच्या थंडीत विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षा आणि मार्चमध्ये निरोप, असा तेथील शिरस्ता. आणि एखादा सण तिसऱ्यांदा आला की पाहणाऱ्याला आपोआप कळते, हा शेवटचा.

‘के-ऑन!’ या मालिकेचे दिग्दर्शन नाओको यामादा यांनी केले. पहिला भागसंच २००९ चा, दुसरा २०१० चा. शाळेच्या वाद्यवृंद-मंडळातील या मुली सरावापेक्षा चहा पिण्यात आणि केक खाण्यात अधिक वेळ घालवतात, म्हणून पुष्कळांनी या मालिकेला पोकळ ठरविले. त्या टीकाकारांनी दुसऱ्या संचातील महोत्सवाचा भाग पाहावा. कार्यक्रम रंगतो, मुली आपल्या खोलीत परत येऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसतात, दमलेल्या, आनंदात असलेल्या, आणि पुढचे बेत सुरू होतात. नाताळात काय करावयाचे, नव्या वर्षी कोठे जावयाचे, नवे सभासद कसे मिळवावयाचे, पुढच्या महोत्सवात कोणते गाणे वाजवावयाचे. पुढचा महोत्सव! त्यांतील चौघी तर मार्चमध्ये शाळा सोडणार आहेत. हे एकीच्या तोंडून निघते आणि एकेक करून सगळ्या रडू लागतात. त्या रडण्याला दिग्दर्शिकेने कोणताही अलंकार चढविलेला नाही. संध्याकाळचा उजेड, खोली आणि मुलींचे आवाज. चहाच्या त्या सर्व निरुद्योगी दुपारी आधी पाहिल्या नसत्या, तर या एका संध्याकाळचे मोल कळले नसते.

या मालिकांत जे सदोष आहे ते मी झाकणार नाही. अझुमांगातील किमुरा हा शिक्षक विद्यार्थिनींकडे ज्या नजरेने पाहतो त्यावर रचलेला विनोद मला तेव्हाही रुचला नाही आणि आज तो असह्य वाटतो. जेथे एका पक्षाला हसताच येत नाही तेथे हास्य नसते, जबरदस्ती असते. वर्गातील छळ, शाळेच्या भीतीने घरात कोंडून घेणारी मुले, खासगी शिकवण्यांचे ओझे, या जपानी वास्तवाचाही येथे फारसा मागमूस नाही. मात्र उत्तम मालिकांत कोणाचाही अपमान न करता हसविण्याचे जे पथ्य पाळलेले आढळते, ते आपल्याकडील महाविद्यालयीन विनोदाने घेण्यासारखे आहे, कारण तो अजूनही लठ्ठपणा, काळा रंग आणि खेडवळ उच्चार यांवरच आपली गुजराण करतो.

हे पथ्य पाळणारी माणसे कोण होती, हे सांगणे मला कर्तव्य वाटते. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो शहरातील फुशिमी भागात क्योतो ॲनिमेशनच्या स्टुडिओला एका मनुष्याने आग लावली आणि ३६ जण मृत्यू पावले. ‘निचिजो’मधील पात्रांच्या आकृती सिद्ध करणारे फुतोशी निशिया त्यांत होते, ‘लकी स्टार’च्या बहुतेक भागांचे दिग्दर्शन ज्यांच्याकडे होते ते यासुहिरो ताकेमोतोही होते. युकोच्या डब्यातला तो तुकडा आता मी पाहतो तेव्हा, अशा कामाला आपले आयुष्य वाहिलेल्या माणसांचे स्मरण मला होते, आणि ते झाल्यावाचून तो भाग पाहू नये असेच वाटते.

आपल्याकडे विद्यार्थ्याची वर्षे ही पुढील आयुष्याची आगाऊ रक्कम समजली जातात. दहावी बारावीसाठी, बारावी प्रवेशासाठी, प्रवेश नोकरीसाठी, आणि मधल्या दिवसांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘बिगरी ते मॅट्रिक’मध्ये शाळेचे दिवस अजरामर केले, पण ते मागे वळून पाहणाऱ्या प्रौढाच्या दृष्टीने. वर्गात बसलेल्या मुलाला आजच, याच दुपारी, तू जगतो आहेस ते पुरेसे आहे असे सांगणारे वाङ्मय आपल्याजवळ थोडे आहे. म्हणून माझी वाचकांना विनंती आहे: ‘अझुमांगा दाइओ’पासून आरंभ करावा, मूळ जपानी आवाजात, कारण ओसाकाच्या बोलीतील संथपणा भाषांतरात उतरत नाही. एका बैठकीत सगळे भाग उरकू नयेत. आठवड्यास एक-दोन पुरेत. आणि ज्यांच्या घरी या घटकेस अकरावी-बारावीचे मूल असेल, त्यांनी त्याच्या शेजारी बसून पाहावे, व गुणांची चौकशी त्या दिवसापुरती तहकूब ठेवावी.