साठीनंतरचा वर्ग

लोहाऱ्यात आम्ही चौघे मिळून वयस्कांना संगणक आणि डिजिटल कॅमेरा शिकवतो. चौघांत दोघे जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, एक एसटीतून निवृत्त झालेले आणि चौथी आमच्यात सर्वांत लहान, एमएस-सीआयटी झालेली दोन मुलांची आई. संस्था म्हणावे असे आमच्याकडे काही नाही. एका घराची ओसरी, दोन जुने संगणक, कोणी तरी सौदीहून आणलेला एक छोटा कॅमेरा आणि वीज गेली की कुरकुरणारा इन्व्हर्टर. 2018 साली रमजाननंतर वर्ग सुरू झाला, कोरोनात बंद पडला, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला.

सुरू करण्यामागे एक साधा हिशेब होता. 2017 साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणले. खेड्यातल्या सहा कोटी कुटुंबांतून घरटी एका माणसाला वीस तासांत संगणक आणि मोबाइल वापरायला शिकवायचे, असा तो कार्यक्रम. चांगलाच होता. पण वयाची अट होती 14 ते 60. आता श्रावणबाळ योजनेची अट बघा. तिथे वय 65 पूर्ण लागते. म्हणजे ज्या वयात माणसाला पगार, अनुदान, हयातीचा दाखला, आधार, बँकेचा ओटीपी या सगळ्याला तोंड द्यावे लागते, नेमक्या त्या वयाचा माणूस शिकणाऱ्यांच्या यादीत नाही. ते अभियान मार्च 2024 मध्ये संपले. आता 'उल्लास' नावाने जो नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे त्यात 15 वर्षांपुढच्या सर्वांना घेतात, वरची मर्यादा नाही, आणि त्यात डिजिटल साक्षरताही आहे. हे बरे झाले. पण मधल्या काळात आमच्या मोहल्ल्यातल्या साठीपुढच्यांनी काय करायचे होते? नातवाच्या हातात फोन द्यायचा आणि तो म्हणेल तिथे अंगठा टेकवायचा. दुकानदाराला ओटीपी वाचून दाखवायचा. किती पैसे आले ते त्याच्याच तोंडून ऐकायचे.

पहिल्या दिवशी आठजण आले, पाच पुरुष आणि तीन बायका. बायकांनी ओसरीच्या आतल्या बाजूचा संगणक धरला आणि तो आजतागायत सोडलेला नाही.

माउस शिकवणे सर्वांत अवघड गेले. नांगर, सुई, विळा धरलेले हात. पण टेबलावर हात फिरवला की पडद्यावर बाण फिरतो ही गोष्ट त्या हातांना पटेना. एका चाचांनी माउस उचलून थेट पडद्यालाच टेकवला. जगभर नवशिक्यांचा हात माउसवर बसवायला पत्त्यांचा सॉलिटेअर वापरला गेला. 1990 साली विंडोजबरोबर तो खेळ आला, आणि पकडून ओढणे, सोडणे लोक त्यातच शिकले. आम्हीही तोच उघडला. पडद्यावर बदाम-किल्वर दिसताच एक हाजीसाहेब उठून उभे राहिले. "पत्ते? तौबा! इस उमर में जुगार सिखाते क्या जी?" मग पेंट उघडले. कुणी घर काढले, कुणी बैल. बैलाला पाच पाय झाले, पण हात बसला.

दुसरी अडचण भाषेची. आमच्या भागातल्या ऐंशीच्या घरातल्या माणसाची पहिली शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू माध्यमाची. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, आणि तिसरी-चौथीतली ही मुले एकदम मराठी शाळेत येऊन बसली. काही बसलीच नाहीत. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नोंदवले त्यात आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. तेव्हा कुठली शाळा आणि कुठले दप्तर! अशा माणसापुढे इंग्रजी कळफलक ठेवून 'ए दाबा' म्हणण्यात काय अर्थ? एका शिक्षकांनी संगणकात उर्दू सुरू केली. 1938 चा जन्म असलेल्या एका चाचांनी एकेक अक्षर शोधत स्वतःचे नाव लिहिले. अक्षरे उजवीकडून डावीकडे सरकत गेली. चाचा पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ये तो हमारी तरफ से चलरा है." अक्षर नस्तालीक नव्हते, अरबी वळणाचे नस्ख होते, यावर मात्र त्यांनी आम्हाला चांगलेच सुनावले.

यापुढची गोष्ट कॅमेऱ्याची, आणि खरे तर वर्ग टिकला तो कॅमेऱ्यामुळेच.

तसबीर काढावी का, हा प्रश्न आमच्या ओसरीवरही आलाच. पासपोर्टला फोटो लागतो, हजच्या अर्जाला लागतो, तिथे कुणी अडत नाही. हौसेचा फोटो म्हटले की मतभेद. काही उलेमांनी पडद्यावरची डिजिटल प्रतिमा आरशातल्या प्रतिबिंबासारखी मानली, काहींनी मानली नाही. आम्ही फतवे देणारे कोण? ज्यांना माणसाचा फोटो काढायचा नाही त्यांनी झाडाचा, शेताचा, घराचा काढावा, एवढेच ठरवले. हाजीसाहेब दोन वर्षे फक्त कडुलिंब आणि आकाश काढत होते. त्यांचे आकाश आमच्यापेक्षा चांगले येते.

थरथरत्या हाताला कॅमेरा कसा धरायला शिकवायचा हे पुस्तकात नव्हते. आम्ही सांगितले की कोपरे बरगड्यांना टेकवा, पाठ भिंतीला लावा, बटण आधी अर्धे दाबून थांबा, मग पूर्ण दाबा. तरीही फोटो हलतच होते. मग दोन सेकंदांचा टायमर लावून पाहिला. बोट बटणावरून निघते, हाताचा धक्का विरतो आणि मग फोटो निघतो. एसटीवाले चाचा सगळ्यांना बजावत, "नमाज को खड़े रहते वैसा खड़े रहो. हिलनेका नै."

किमिको निशिमोतो या जपानी बाईंविषयी आम्ही वर्गात सांगितले होते. कुमामोतो शहरात राहणाऱ्या या बाईंनी 72 व्या वर्षी मुलगा घेत असलेल्या छायाचित्रणाच्या वर्गात नाव घातले, पुढे संगणकावर फोटोंची जुळवाजुळव शिकल्या, आणि स्वतःचेच गमतीदार फोटो काढून जगभर माहीत झाल्या. 2025 मध्ये 97 व्या वर्षी त्या वारल्या. कचऱ्याच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून घेतलेला त्यांचा फोटो दाखवला तेव्हा बायका हसून हसून बेजार झाल्या. एक खाला विचारत्या झाल्या, "इसके घरवाले कुछ नै बोले?" मुलानेच शिकवले हे ऐकून त्या गप्प झाल्या. त्यांच्या मुलाने त्यांना फोनचा पासवर्डसुद्धा सांगितलेला नव्हता.

आमच्याकडे मात्र नवे फोटो काढण्यापेक्षा जुने वाचवण्याची ओढ मोठी निघाली. ट्रंकेतून, कुराणशरीफच्या कपाटामागून, जुन्या रेशनकार्डाच्या घडीतून फोटो बाहेर येऊ लागले. स्कॅनर नव्हता. मग खिडकीजवळ, थेट ऊन येणार नाही अशा उजेडात फोटो ठेवायचा, फ्लॅश बंद करायचा, आणि कॅमेरा बरोबर समोर धरून त्याची नक्कल घ्यायची. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, हे आम्ही प्रत्येकाला बजावतो. ओढले तर चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकटच जरा तिरके राहून फोटो घ्यावा.

असा काचेला चिकटलेला फोटो घेऊन एक खाला आल्या. सास्तूरकडच्या, आता लोहाऱ्यात मुलीकडे राहतात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा त्यांचे घर दगडमातीच्या जाड भिंतींचे, वर माळवद. आपल्या भागात तशीच घरे होती. उन्हाळ्यात गार, म्हणून सगळ्यांना प्रिय. त्या भिंतींनीच माणसे मारली. खालांचा धाकटा मुलगा गेला, आणि घरातले सगळे फोटोही. हा एक उरला, कारण तो सोलापूरला नणंदेच्या घरी भिंतीवर होता. कुणाच्या तरी लग्नातला फोटो. पंधरा-वीस माणसे, आणि कोपऱ्यात टोपी घातलेला तो मुलगा, करंगळीच्या नखाएवढा.

नक्कल घेऊन संगणकावर टाकली. खालांनी विचारले, "बड़ा होता क्या?" आम्ही दाखवले कसे करायचे. माउस त्यांनी स्वतः घेतला. मुलगा मोठा झाला. टोपी दिसली, गळ्यातला ताईत दिसला. अजून मोठा केला. आणखी केला तेव्हा चेहरा गेला आणि नुसते करडे-तपकिरी चौकोन उरले. आमच्यातले कुणी पुढे होऊन माउस घेणार तेवढ्यात खालांनीच एकदा उलट फिरवले. चौकोनांचा पुन्हा चेहरा झाला. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कुठे थांबायचे ते त्यांनी शोधून काढले आणि त्या मापाची प्रत मागितली. त्यानंतर त्या वर्षभर वर्गाला आल्या, एकही दिवस न चुकता.

कामाच्या गोष्टीही होतात, त्याशिवाय मुले आई-बापांना पाठवत नाहीत. अर्जासाठी फोटोचे वजन पन्नास केबीच्या आत आणणे, आपला ओटीपी आपणच वाचणे. हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण 2014 पासून आहे, पण शेतात आणि भट्टीवर झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटतच नसत. नोव्हेंबर 2021 पासून चेहरा दाखवूनही तो दाखला निघतो. फोनपुढे बसायचे आणि पापण्या मिटून उघडायच्या. आपण जिवंत आहोत हे सांगायला डोळे मिचकवावे लागतात, यावर वर्गात दर नोव्हेंबरला तोच विनोद होतो आणि दरवेळी तेवढेच हसतात. हाजीसाहेबांनी या चेहऱ्याला हरकत घेतली नाही.

बायकांच्या फोटोंवरून मात्र एकदा वाजले. वर्गातला एक गटफोटो कुणाच्या तरी नातवाने नातेवाइकांत सगळीकडे पाठवला. एका खालांना ते मुळीच आवडले नाही. तेव्हापासून नियम केला की तास संपताना त्या दिवसाचे सगळे फोटो पडद्यावर लावायचे आणि ज्याचा चेहरा त्याने ठेवायचा की पुसायचा ते सांगायचे. पुसायचे बटण त्यानेच दाबायचे. घरातली मुले, सुना यावर नाराज असतात. 'अम्मीला काय कळते' हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकले. अम्मीला आता पुसता येते.

गेल्या हिवाळ्यात याच खालांनी एसटीवाल्या चाचांकडे एक काम सोपवले. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. खालांच्या नवऱ्याला जाऊन बावीस वर्षे झाली, कबर त्यांनी कधी पाहिलेली नाही. चाचा जुम्याच्या नमाजनंतर गेले, टायमर लावून चार बाजूंनी चार फोटो घेतले आणि आणून पडद्यावर लावले. कबर कच्ची, वर नाव नाही. खालांनी चारही फोटो मोठे करून नीट पाहिले. म्हणाल्या, "ये नै भाई. बेटा बोलता था नीम के नीचे है. इसमें नीम की छाँव दूसरी कबर पे है."

चाचा पुढच्या जुम्याला पुन्हा कॅमेरा घेऊन गेले.