सात हाली, सहा कलदार

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. पुण्याच्या ताईने फोनवर विचारलंच, "दुकान बंद केलंस का?" नाही गं, बंद नाही. संभाजीनगरच्या फ्लॅटने डोकं खाल्लं होतं. आणि त्या फ्लॅटपायी माहेरची एक गोष्ट कळली, ती नीट लिहून काढावी की नाही यात उरलेले दिवस गेले.

तर झालं असं, की फ्लॅट एप्रिलमध्ये रिकामा झाला. पंधरा दिवसांनी एजंटचा फोन. "मॅडम, पार्टी चांगली आहे. नवरा-बायको, दोन मुली. विद्यापीठात पीएचडी करतोय. पण येमेनचे आहेत. चालेल का?"

मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

आता घरी विचारायचं काय होतं? फ्लॅट माझ्या नावावर. हे तर म्हणाले, "तुझं तू बघ." पण "विचारून सांगते" हे आपल्याकडे नाही म्हणायचं सभ्य रूप आहे, ते त्या एजंटलाही कळलं आणि मलाही. संभाजीनगरात येमेनी मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात, त्यात नवं काही नाही. 2014 पासून त्यांच्याकडे युद्ध पेटलं आणि शिक्षण संपलं तरी परत कुठे जायचं हा प्रश्न उभा राहिला. हा माणूस ताइझ शहरातला. कागदावर तो निर्वासित नाही, विद्यार्थी आहे. तसंही आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, आणि 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. म्हणजे असा माणूस आपल्यासमोर येतो तो भाडेकरू म्हणूनच.

त्याच आठवड्यात पाटोद्याकडे माहेरी गेले होते. थोरल्या आत्याला भेटायला. आत्या सत्त्याऐंशीची आहे, कान गेलेत, आठवण शाबूत. बोलता बोलता तिला फ्लॅटचं सांगितलं. ती एकदम म्हणाली, "आपुन बी ऱ्हायलोत की लोकाच्या गोठ्यात सहा महिने."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. 1948 चा चैत्र. ज्वारीची खळी नुकतीच उरकली होती. रझाकारांचा त्रास वाढला, शेजारच्या गावात जाळपोळ झाली, तेव्हा आजोबांनी एका रात्री बैलगाडी जुंपली. आजी, आत्या, माझे वडील आणि तान्हा काका. बालाघाटाच्या डोंगरातून उतरून नगर जिल्ह्याच्या हद्दीत. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आत्या अजून "इंग्रजीत गेलो" असंच म्हणते. निजामाची ती मोगलाई आणि पलीकडची ती इंग्रजी. इंग्रज तर त्याआधीच गेले होते!) तेव्हा मराठवाड्यातून अशी कितीतरी कुटुंबं हद्द ओलांडून गेली. तिकडे स्टेट काँग्रेसचे कॅम्पही होते, पण आमचे लोक कॅम्पात गेले नाहीत. एका वाडीवरच्या म्हातारीने गोठ्याचा एक खण झाडून दिला.

आत्तापर्यंत मी ही गोष्ट "बिचारी म्हातारी, किती चांगली" एवढ्यावर ऐकून सोडायचे. या वेळी मुद्दाम खोदून विचारलं, की तिने नेमकं केलं काय?

पहिले दोन दिवस तिने भाकरी दिली. तिसऱ्या दिवशी गोठ्याबाहेर तीन दगड मांडले आणि आजीला म्हणाली, "तुझी चूल तू पेटव." आत्या म्हणते, त्या दिवशी आई पहिल्यांदा रडली, आणि मग तिला जरा बरं वाटलं. दुसऱ्याच्या चुलीवरचं किती दिवस खाणार? नंतर खुरपणीला नेलं, आणि रोज जेवढा बाकीच्या बायांना तेवढाच आजीला. आसऱ्याला आलेल्या बाईला अर्ध्या रोजावर राबवता आलं असतं, कोणी काही म्हणालं नसतं.

तिसरी गोष्ट पैशाची. आजोबांच्या कनवटीला चाळीसेक रुपये होते, पण ते निजामाचे, हाली. पलीकडे चालायचे कलदार. सात हालीला सहा कलदार हा सरकारी भाव. अडलेल्या लोकांना बाजारात निम्म्यानेही हाली मोडावे लागले, असं आजोबा सांगायचे. म्हातारीचा मुलगा आजोबांना ओळखीच्या वाण्याकडे घेऊन गेला. वाण्याने सातला सहा दिले, एक पै कापली नाही. झाली ती मदत एवढीच.

"आन् कव्हा जाणार म्हून एकदाबी इचारलं न्हाई," आत्या म्हणाली.

मग ती गप्प बसली. मला वाटलं, झोप लागली. तर म्हणाली, "पुढचं तुला कुणी सांगितलं न्हाई."

13 सप्टेंबरला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली, 17 ला निजाम शरण आला. आपण दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन करतो, ते बरोबरच आहे. आमचे लोक दसऱ्याच्या आसपास गावी परतले. पण त्याच आठवड्यांत दुसरी माणसं पळत होती. केंद्र सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नंतर पाहणी केली. संस्थानात एकूण 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता, बहुतेक मुसलमान. सर्वात जास्त झळ पोचलेल्या आठ जिल्ह्यांत बीडचं नाव आहे. हा अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्धच झाला नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात तर नव्हताच.

आमच्या गावात पिंजाऱ्याचं एक घर होतं. गाद्या, रजया तेच भरायचे. एका रात्री त्या घरातली बाई दोन लेकरांना घेऊन आमच्या परसदाराशी आली. नवरा कुठे होता ते आत्याला माहीत नाही. आजोबांनी भाकरी बांधून दिल्या, वर लोणचं दिलं, एक घोंगडी दिली. आणि म्हणाले, "रातीतून पुढं निघा."

आजी चार दिवस आजोबांशी बोलली नाही. ती माणसं परत गावात आली नाहीत.

मला आजोबांचा राग यायला हवा होता. आला नाही. नुकतंच घर परत मिळालेला माणूस. गावात कोण कोणाकडे बघतंय याची भीती होती, पोरं लहान होती. शिवाय मी तर कसलीही भीती नसताना "विचारून सांगते" म्हणाले होते! आजोबांनी निदान घोंगडी दिली.

दुरून मदत करायला आपल्याला जमतं, हेही खरंच. वडिलांच्या पेटीत 1972 चं एक पाकीट आहे, आत्याला लिहिलेलं. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचं जादा तिकीट आहे, शरणार्थी सहायता. बांगलादेशातून जवळजवळ 1 कोटी माणसं आली होती, त्यांच्यासाठी नोव्हेंबर 1971 पासून मार्च 1973 पर्यंत ते टपालावर लावावं लागायचं. ते वर्ष आठवा. बहात्तरचा दुष्काळ, बीडची माणसं खडी फोडत होती, मिलो खात होती. आणि पत्र टाकताना 5 पैसे जास्त देत होती. सक्तीचे होते हो, पण पोचले तर खरे. मात्र तिकीट चिकटवताना कोणी आपल्या परसदाराशी उभं नसतं.

आत्याकडून निघाले आणि गेवराईच्या आधीच एजंटला फोन लावला. पार्टी अजून घर शोधतच होती.

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे, पण कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. करार रजिस्टर केला. परदेशी भाडेकरूची माहिती घरमालकाने ऑनलाइन भरायची असते, ती भाच्याने भरून दिली, अर्धा तास लागला. पोलीस ठाण्यात मी स्वतः बरोबर गेले, त्यामुळे प्रश्न कमी झाले असं मला वाटतं. एजंट म्हणाला, डिपॉझिट डबल घ्या, त्यांना दुसरं कोणी देत नाही. म्हणजे हाली निम्म्याने मोडायचे! इतरांकडून घेते तेवढंच घेतलं. सोसायटीत एका काकांनी कुरकूर केली. त्यांच्याकडे मुलींना घेऊनच चहाला गेले. काका फार बोलले नाहीत, काकूंनी मात्र धाकटीला मांडीवर घेतलं. गॅसचं होईपर्यंत आमची इंडक्शनची शेगडी ठेवून आले.

भाडं या महिन्यात बारा दिवस उशिरा आलं. हे म्हणाले, "बघ." मी बघतेय.

आणि एक काम आहे. नगरकडची ती वाडी कोणती, हे आत्याला नक्की आठवत नाही. डोंगर उतरल्यावर नदीकाठी, चिंचेची दोन झाडं, एवढंच सांगते. जामखेड-पाथर्डीकडच्या कोणाच्या घरी 1948 साली पाटोद्याकडचं कुटुंब गोठ्यात राहिल्याची गोष्ट सांगत असतील तर कळवा. आणि त्या पिंजारी कुटुंबाचं कुणाच्या कानावर काही आलं असेल तर तेही. काका, मामी, तुम्हीसुद्धा. आत्याला फोनवर ऐकू येत नाही, मला करा.