थेंबभर रक्ताची साक्ष

मुलांनो, मी माथेरानच्या शाळेत शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे माणसं अन् सामान वाहायला घोडे. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांची चूल घोड्यांच्या जिवावर पेटायची.

चौथीतला एक मुलगा सलग तीन दिवस गैरहजर. मी तावातावाने त्याच्या घरी गेले. पाहते तर काय, स्वारी तबेल्यात, राजाच्या गळ्याला बिलगलेली! राजा मान टाकून उभा. अंगात ताप, हिरड्या पिवळट, लघवी काळ्या चहासारखी.

"बाई, त्याच्या कानात गोचिडी होत्या," तो रडवेला होऊन म्हणाला. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

डॉक्टर आले. त्यांनी राजाच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, थेंबभर काचपट्टीवर पसरलं, रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आम्ही आळीपाळीने डोळा लावला. गोल गोल तांबड्या पेशी, अन् काहींच्या पोटात जांभळे ठिपके. एकीत तर चार, चार पाकळ्यांच्या फुलासारखे! हाच तो थायलेरिया इक्वी. गोचीड चावली की रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी फोडतो.

इंजेक्शनं झाली, राजा वाचला.

शेजारी बादल उभा होता, चांगला धडधाकट. त्याला गिऱ्हाईकही ठरलं होतं. त्याची काचपट्टी स्वच्छ निघाली. पण डॉक्टर म्हणाले, "जंतू थोडे असले तर असे सापडत नाहीत. मात्र त्यांच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं एलायझा तपासणीत कळतात." हरियाणात हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. नमुना तिकडे गेला. उत्तर आलं : बादलच्या रक्तात प्रतिद्रव्यं आहेत! म्हणजे तो आजारी दिसत नव्हता, पण त्याला चावलेली गोचीड किंवा त्याला टोचलेली सुई दुसऱ्या घोड्याला आजार देऊ शकणार होती.

"न सांगता विकला तर?" बाबा पुटपुटले.

"आणि त्यांच्याकडे आपल्या राजासारखा घोडा असला तर?" मुलाने विचारलं.

बाबा गप्प झाले. संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं. सौदा मोडला. त्या दिवाळीला त्या घरात नवे कपडे आले नाहीत.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी दोन्ही घोड्यांचे कान, आयाळ, शेपटीचं मूळ तपासायचा. प्रत्येक घोड्याला नवी सुई, हा घरचा नियम झाला.

तुमच्या घरी मुकं जनावर आहे ना? मग आज त्याचे कान बघाच!