सिस्टरांचं देणं

मिरजेच्या एका रुग्णालयात बिलांच्या खिडकीवर काम केलेलं, एवढ्या शिदोरीवर मला मँचेस्टरच्या पूर्वेकडच्या एका गावात फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्टची नोकरी मिळाली. पुढे त्याच दवाखान्याची मी मॅनेजर झाले. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही घडलं, ते बहुतेक सगळं एका नर्सबाईंमुळे. तिकडे नर्सला सगळे नावानेच हाक मारतात. माझ्या तोंडून मात्र पहिल्याच आठवड्यात मिरजेच्या सवयीने ‘सिस्टर’ निघालं. बाईंनी भुवई उंचावली, काही बोलल्या नाहीत. हळूहळू दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा त्यांना सिस्टर म्हणू लागले.

त्या प्रेमळ वगैरे नव्हत्या. चहा स्वतःपुरताच करायच्या. कुणी ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: ‘कुठे लिहिलंय?’ मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. आपल्याकडे विश्वास नावाची चीज असते की नाही!

इंग्लंडमध्ये दवाखान्यांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन करतं. सगळे त्याला सीक्यूसी म्हणतात. ते सुरू झालं २००९ साली, पण फॅमिली डॉक्टर त्याच्या कक्षेत आले ते एप्रिल २०१३ पासून. पाच गोष्टी बघतात: दवाखाना सुरक्षित आहे का, उपचार परिणामकारक आहेत का, वागणूक आपुलकीची आहे का, रुग्णाच्या गरजेला तो धावून जातो का आणि कारभार धड चालतो का. मग चारांपैकी एक शेरा मिळतो. सर्वांत वरचा ‘उत्कृष्ट’, सर्वांत खालचा ‘अपुरा’. तो शेरा रुग्णांना दिसेल असा दवाखान्यात लावावा लागतो. तपासणीचं पत्र आलं की एरवी शांत असणारी माणसंही कपाटं उपसायला लागतात. सिस्टर तेवढ्या उपसत नसत. त्यांच्याकडे उपसण्यासारखं काही साचलेलंच नसायचं.

त्यांनी मला पहिल्यांदा शिकवला तो लसींचा फ्रिज. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात, हे कुठल्याही भिंतीवर लिहिलेलं असतं. रोज तीन आकडे लिहायचे: आत्ताचं तापमान, कालपासूनचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त. मी लिहायला लागले. सिस्टरांनी वही माझ्याकडून घेतली, मागची पानं उलटली आणि माझ्या आधीच्या कुणाच्या तरी हातच्या नोंदींवर बोट ठेवलं. आठवडाभर कमाल तापमान तेच, किमानही तेच. ‘याचा अर्थ काय?’ मला वाटलं, फ्रिज उत्तम चालला होता. त्या म्हणाल्या, ‘याचा अर्थ, आकडे लिहून झाल्यावर कुणी थर्मामीटर रीसेट केलेला नाही. आठवड्यापूर्वीचाच आकडा रोज उतरवला जातोय. मधल्या एखाद्या रात्रीचं स्वतःचं किमान-कमाल किती होतं, ते या वहीला माहीतच नाही.’

त्यानंतर मी कुठलीही वही साधेपणाने वाचू शकलेले नाही. पानभर एकाच शाईत, एकाच झोकात लिहिलेले आकडे दिसले की मान आपोआप वळते. पुढे तपासनिसांची नजरही तशीच वळताना मी पाहिली.

फ्रिजचा आकडा आठच्या वर गेला तर काय करायचं, हेही त्यांनी शिकवलं. लसी वापरायच्या नाहीत आणि फेकायच्याही नाहीत. ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून त्या थंड जागी वेगळ्या ठेवायच्या, उत्पादकाला फोन करायचा, आणि तापमान किती वेळ किती होतं ते सांगून पुढचं विचारायचं. आकडा दोनच्या खाली गेला, तर सिस्टरांचा चेहरा जास्त गंभीर व्हायचा. गरमीने लस हळूहळू कमकुवत होते, पण काही लसी एकदा गोठल्या की कामातून जातात आणि बाटलीकडे बघून ते कळेलच असं नाही. फ्रिजच्या प्लगवर त्यांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत ‘बंद करू नये’ लिहून ठेवलं होतं, कारण सफाई कामगाराला व्हॅक्युमसाठी प्लग लागतोच.

माझी मामेबहीण तासगावकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम नर्स आहे. तिला फोनवर हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले, तर ती म्हणाली, ‘अगं, आम्ही आयएलआरचं, म्हणजे आमच्या लसींच्या फ्रिजचं, तापमान दिवसातून दोनदा लिहितो. रविवारी, दिवाळीलाही. आणि डीपीटी गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट करतो.’ शेक टेस्ट म्हणजे मुद्दाम गोठवलेली आणि संशय असलेली अशा दोन बाटल्या हलवून शेजारी ठेवायच्या. गाळ कुठल्या वेगाने खाली बसतो ते बघायचं. सारख्याच वेगाने बसला तर संशयातली बाटली बाद. हे मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘रविवारीसुद्धा?’ आमचा दवाखाना शनिवार-रविवार बंद असतो. पुढच्या महिन्यात त्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून फ्रिजमध्ये सतत नोंद करणारा डेटा लॉगर बसवून घेतला. तासगावच्या एका एएनएममुळे मँचेस्टरकडच्या एका फ्रिजला शनिवार-रविवारचा राखणदार मिळाला, हे मला अजून सुखावतं. मामेबहिणीला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिच्याकडे त्या आठवड्यात सरकारच्या ‘कायाकल्प’ स्वच्छता योजनेची तपासणी होती.

पण सिस्टरांच्या ‘कुठे लिहिलंय?’ची मुळं फ्रिजहून खोल होती. आमच्या गावापासून हाइड फार लांब नाही. तिथे हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर १९९२ पासून मार्केट स्ट्रीटवर एकटा दवाखाना चालवत होता. जानेवारी २००० मध्ये तो पंधरा रुग्णांच्या खुनांबद्दल दोषी ठरला. पुढे न्यायमूर्ती जेनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने २००२ सालच्या पहिल्या अहवालात त्याच्या हातून मेलेल्यांचा आकडा २१५ दिला. बहुतेक म्हाताऱ्या बायका. हत्यार डायमॉर्फिनचं इंजेक्शन.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, ‘लोकांना कधीच शंका आली नाही?’ सिस्टर म्हणाल्या, ‘लोक त्याच्यावर खूश होते. तो घरी जायचा. वेळ द्यायचा. आपुलकीच्या प्रश्नावर त्याला कुणीही वरचा शेरा दिला असता.’ १९७६ साली पेथिडीनसाठी खोटी प्रिस्क्रिप्शनं लिहिल्याबद्दल त्याला दंड झाला होता, तरी तो पुन्हा डॉक्टरकी करत होता. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनल्ड्स यांनी कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, चिंता मांडली, की या एका डॉक्टरचे रुग्ण फारच मरताहेत. तेव्हा दहनाच्या फॉर्मवर दुसऱ्या डॉक्टरची सही लागत असे. त्या सह्या त्यांच्या दवाखान्यातून होत, म्हणून त्यांना आकडा खटकला. पोलिसांनी चौकशी केली, पण त्याची जुनी शिक्षासुद्धा तपासली नाही आणि प्रकरण मिटवलं. त्यानंतरही माणसं मेली. तो पकडला गेला सप्टेंबरात, तेही एका खोट्या मृत्युपत्रामुळे.

सिस्टर हे सांगताना आवाज चढवत नसत. औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता सांगत. कोऱ्या प्रिस्क्रिप्शन फॉर्मांचे क्रमांक कुठून कुठपर्यंत आहेत आणि ते कुणाच्या ताब्यात दिले, हे आम्ही का लिहितो ते मला तेव्हा कळलं. विश्वासाबद्दलचा माझा मिरजकर राग त्या दिवशी निवला. आवडत्या डॉक्टरवर विश्वास ठेवणं ही हाइडच्या लोकांची चूक नव्हती. आकडे बघायचं काम ज्यांचं होतं, त्यांनी ते केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एप्रिल २००० मध्ये केंब्रिजशायरमधल्या एका रुग्णाला ती रोज दिली गेली आणि त्या रुग्णाचा मृत्यू झाला. त्यावर चौकशी अहवाल निघाला. अशा औषधांवर असलेल्या माणसांचं रक्त ठरलेल्या अंतराने तपासावं लागतं, मेथोट्रेक्सेटसाठी स्थिरावल्यावर साधारण दर बारा आठवड्यांनी. रक्त तपासायला न येणाऱ्यांची यादी सिस्टर दर महिन्याला काढत. संगणकातून नुसती छापून नव्हे. फोन करत, पत्र पाठवत, तरीही कुणी आलं नाही तर डॉक्टरांच्या टेबलावर ते नाव ठेवून ‘गोळ्या पुढे द्यायच्या का, तुम्ही ठरवा आणि लिहा’ म्हणत. डॉक्टर वैतागायचे. पण लिहायचे.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे तपासणीचं पत्र आलं. माझ्यासाठी मॅनेजर म्हणून पहिलीच तपासणी. हल्ली तपासनीस यायच्या आधीच, दवाखान्याच्या संमतीने, तज्ज्ञ डॉक्टर रुग्णांच्या नोंदींवर ठरावीक शोध चालवतात: अमुक औषधावर किती, त्यांतल्या किती जणांच्या तपासण्या राहिल्या, मधुमेहाचा आकडा येऊनही निदान न लिहिलेले कुणी आहेत का. प्रत्यक्ष यायच्या दिवशी त्यांच्या हातात आमचं पुष्कळ काही आधीच असतं. आमच्याकडे आल्यावर तपासनिसांनी ऑक्सिजनचा सिलिंडर पाहिला, डिफिब्रिलेटरचे पॅड कधीपर्यंत चालतील ते पाहिलं. मेंदुज्वराच्या संशयात द्यायचं बेंझिलपेनिसिलिन पेटीत आहे का ते पाहिलं. सुयांच्या पिवळ्या डब्यांवरच्या तारखा वाचल्या. आमच्या सर्वांत नव्या रिसेप्शनिस्टला विचारलं, ‘काउंटरवर कुणी छातीत दुखतंय म्हणालं तर?’ ती अडखळली नाही. तिला ते मी शिकवलं होतं, आणि मला कुणी शिकवलं ते सांगायला नको.

फ्रिजची वही तपासनीसबाईंनी बराच वेळ वाचली. मध्ये एका ठिकाणी तापमान नऊवर गेल्याची नोंद होती. पुढे सिस्टरांच्या तिरप्या अक्षरात उत्पादकाशी झालेलं बोलणं, संदर्भ क्रमांक, कुठल्या लसी ठेवल्या आणि कुठल्या नष्ट केल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. निर्दोष वहीपेक्षा अशी वही त्यांना जास्त पटत असावी.

अहवाल चांगला आला. त्यात लसींच्या साठवणुकीची व्यवस्था परिणामकारक असल्याचं एक वाक्य आहे. कर्माला कर्ता नाही. सरकारी भाषेत माणसं नसतातच, त्याबद्दल सीक्यूसीला दोष देत नाही. त्यांना द्यायचा दोष वेगळा आहे. सीक्यूसीच्याच कारभाराची पाहणी करणाऱ्या डॉ. पेनी डॅश यांच्या जुलै २०२४ च्या अंतरिम अहवालात दिसलं, की नोंदणी असलेल्या दर पाचांतल्या एका ठिकाणाला कधी श्रेणीच मिळालेली नव्हती, आणि रुग्णालयात कधी पाऊल न टाकलेले काही तपासनीसही होते. माझ्या ओळखीच्या काही मॅनेजरांना हे वाचून बरं वाटलं. मला धास्ती वाटली. तपासायला कुणीच येणार नसेल, तर ज्या दवाखान्याला सिस्टर लाभलेल्या नाहीत, तिथल्या फ्रिजचं काय?

अहवाल आला त्या संध्याकाळी मी सिस्टरांना फोन केला. ते वाक्य वाचून दाखवलं. ‘हे तुमचं आहे,’ म्हणाले. पुढे आभाराचं जे बोलायचं ठरवलं होतं, ते त्यांनी बोलू दिलं नाही.

‘त्यांच्या शोधात मेथोट्रेक्सेटवाले किती निघाले?’

‘तपासणी राहिलेले दोघं.’ नावं त्यांनी विचारली नाहीत. त्या आता दवाखान्यात नव्हत्या, त्यामुळे मीही सांगितली नाहीत.

‘आले का?’

‘एक आले. दुसरे रात्रपाळी करतात. गुरुवारी सकाळी आठची वेळ दिली आहे.’

‘आठ नको,’ सिस्टर म्हणाल्या. ‘रात्रपाळीचा माणूस आठला घरी जाऊन झोपतो. सातला दार उघडत असाल तर सातला बोलव.’

मी दुसऱ्या दिवशी वेळ बदलली.