निकालाआधीचा निकाल

कौटुंबिक न्यायालयातला खटला म्हटला की लोकांच्या मनात शेवटचा हुकूमनामा येतो: घटस्फोट मिळाला की नाही, मूल कोणाकडे गेले, पोटगी किती ठरली. कौटुंबिक कायद्याची वकिली करताना माझे मत मात्र असे झाले आहे की, लढवल्या जाणाऱ्या खटल्याचा खरा निकाल पुष्कळ आधी लागलेला असतो. अर्ज दाखल झाल्यापासून पुरावा संपेपर्यंत घरभाडे कोण भरणार, शाळेची फी कोण देणार, बाईने राहायचे कुठे आणि मुलाने रविवारी कोणाकडे जायचे, हे अंतरिम आदेशाने ठरते. आदेशच झाला नाही, तर ज्याच्या हातात पैसा, घर किंवा मूल आहे तोच ते ठरवतो. जमिनीच्या दाव्यात ‘जैसे थे’ म्हटले की जमीन जागची हलत नाही. संसाराच्या दाव्यात तसे नसते. तिथे मूल दरवर्षी एक इयत्ता पुढे जाते. म्हणून अंतरिम अर्ज हा खटल्याच्या वाटेवरचा किरकोळ टप्पा न मानता खटल्याचा गाभा मानला पाहिजे.

कायदा करणाऱ्यांना हे कळले नव्हते असे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद २००१ पासून आहे. मुलांच्या खर्चाबाबत कलम २६ तेच सांगते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालच्या पोटगीलाही हीच मुदत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये ती कायम आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत नेमायला सांगतो. प्रत्यक्षात नोटीस बजावली न जाता परत येते, गैरअर्जदार म्हणणे मांडायला मुदत मागतो, मग प्रकरण समुपदेशकाकडे जाते, आणि ६० दिवस कधी उलटले याची नोंद रोजनाम्यातही कोणी घेत नाही.

याचा सर्वात बोलका पुरावा नागपूरच्या एका प्रकरणात सापडतो. पत्नीने सप्टेंबर २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. ऑगस्ट २०१५ मध्ये कौटुंबिक न्यायालयाने तिला दरमहा १५,००० रुपये आणि मुलासाठी आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये मंजूर केले. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी तिथला निकाल लागला, तेव्हा नुसत्या अंतरिम अर्जाला सात वर्षे झाली होती. त्या निकालाने देशभरच्या न्यायालयांना पद्धत घालून दिली: दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे, गैरअर्जदाराने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे वेळकाढूपणाचा आर्थिक फायदा संपतो. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हेच निर्देश पाळले जात नसल्याचे नमूद करून ते पुन्हा सर्वत्र पाठवावे लागले.

घराचेही तसेच. हिंसाचार कायद्याचे कलम १७ स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते, घर तिच्या नावावर असो वा नसो. आणि कलम २३ खाली शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही होऊ शकतो. पण २००६ च्या एका निकालाने सासूसासऱ्यांच्या मालकीचे घर ‘सामायिक घरा’च्या व्याख्येबाहेर काढले, आणि घर आईच्या नावावर आहे एवढे सांगून सुनेला बाहेर ठेवण्याची सोय झाली. ती वाट ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली; त्याच वेळी वृद्ध सासूसासऱ्यांच्या शांततेचाही विचार करावा आणि गरज पडल्यास पर्यायी जागा किंवा भाडे द्यायला लावावे, असेही सांगितले. मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या बाईला हा हक्क पहिल्या महिन्यात वापरता आला तरच त्याला अर्थ आहे. तीन वर्षांनी घराचा आदेश घेऊन ती परतणार कुठे आणि कोणाच्या भरवशावर?

इथे नेहमीचा आक्षेप येतो: पुरावा तपासण्याआधी आदेश दिला, तर खोट्या तक्रारीने एखाद्याचे नुकसान होणार नाही का? होऊ शकते, आणि म्हणूनच शपथपत्रे महत्त्वाची. पगारपत्रक, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते, पत्नीची नोकरी असल्यास तिचे उत्पन्न, हे सगळे कागदावर आले की अंदाजपंचे आकडा ठरत नाही आणि खोटे बोलणाऱ्यावर, मग तो पती असो वा पत्नी, कारवाई करता येते. परिस्थिती बदलली तर अंतरिम आदेश बदलता येतो. हिंसाचार कायद्यात तीस दिवसांत सत्र न्यायालयाकडे अपीलही आहे. वेळेवर न झालेल्या आदेशाला असा कोणताच उपाय नाही. शिवाय जलद आदेश फक्त पत्नीच्या उपयोगाचा असतो हा समज चुकीचा आहे. मुलाचा ताबा नसलेला पालक बहुधा बाप असतो, आणि उशिराचा सर्वाधिक फटका त्यालाच बसतो. दोन वर्षे भेट नाही झाली की मूलच येत नाही म्हणते आणि मग न्यायालयालाही ते ऐकावे लागते. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात पाच वर्षांखालच्या मुलाचा अंतरिम ताबा आईकडेच असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले. पण २०२० मध्ये त्याच न्यायालयाने मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे, भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलची तरी सोय करावी, असेही सांगितले. या दोन्ही गोष्टी पहिल्या काही तारखांतच व्हायला हव्यात.

दुसरा आक्षेप समुपदेशनाचा: आदेश झाला की मने कठीण होतात, तडजोड बिघडते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम ९ समेटाचा प्रयत्न करायला सांगते हे खरे, पण प्रकरणाचे स्वरूप पाहून. हातात पैसे नसलेली आणि घराबाहेर असलेली व्यक्ती ज्या अटींवर सही करते, तिला संमती म्हणणे मला जड जाते. आधी अंतरिम पोटगी आणि भेटीचे वेळापत्रक, मग समुपदेशन, असा क्रम ठेवला तर होणारी तडजोड टिकाऊ असते. न्यायालयांवर कामाचा भार आहे, हा तिसरा आक्षेप मला मान्य आहे. पण लांबलेला अंतरिम अर्ज भार वाढवतोच: थकबाकी साचते, वसुलीच्या दरखास्ती येतात, वॉरंट निघतात.

म्हणून वकील मित्रांना विनंती, अर्जासोबतच उत्पन्नाचे शपथपत्र जोडा आणि पहिल्याच तारखेला आदेशाचा आग्रह धरा. पक्षकारांना एवढेच सांगणे, की थकलेली पोटगी देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. त्यानंतर कलम १४४ खालचे वॉरंट मिळत नाही. आणि वकिलाकडे पहिल्यांदा जाल, तेव्हा घटस्फोट कधी मिळेल हे विचारण्याआधी अंतरिम अर्ज कोणत्या तारखेला निकालासाठी येईल, हे विचारा.