पाचवी प्लेट

एका सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल आमच्याकडे छपाईला आला, तेव्हा रंगाच्या नमुन्यासाठी बँकेचं लेटरहेडही आलं होतं. लोगो झळझळीत नारिंगी, पॅन्टोन कंपनीच्या शेडकार्डातला ऑरेंज ०२१. लेटरहेड त्याच शाईत छापलेलं. अहवालात फोटो असल्यामुळे तो फोरकलर, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांत छापायचा. "रंग अगदी हाच हवा," एवढं सांगून अधिकारी गेले.

शेडकार्डातली ही शाई मुळातच नारिंगी असते आणि कागदावर सलग बसते. फोरकलरमध्ये नारिंगी शाई नसतेच. पिवळ्याच्या भरीव थरासोबत साठ-पासष्ट टक्के मॅजेंटाचे ठिपके पडतात आणि त्यांची बेरीज डोळा करतो. दिसतं नारिंगीच, पण ते तेज येत नाही.

पहिले ताव फिके वाटले म्हणून मशीनमन मामांनी मॅजेंटा वाढवली. लोगो लालसर झाला, आणि त्याच्या रेषेत खाली असलेल्या संचालकांचे चेहरेही तांबूस झाले. शाईची चावी तावाच्या एका पट्ट्याला शाई सोडते. त्या पट्ट्यात जे जे असेल ते सगळं बदलतं. मॅजेंटा उतरवली तर लोगो पिवळट. ही ओढाताण मशीनवर सुटत नाही, नुसते ताव वाया जातात.

मी अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. लेटरहेडचा आणि तावाचा, ट्यूबलाइटखाली जवळचे वाटणारे रंग दारात दिवसाच्या उजेडात नेल्यावर साफ वेगळे दिसले. मी म्हटलं, "साहेब, आतल्या पानांवर फोरकलरच राहू दे. मुखपृष्ठाला पाचवी प्लेट लावू." मशीन चार रंगांचं, म्हणजे एक युनिट धुवायचं, मुखपृष्ठाचे ताव पुन्हा फिरवायचे, खर्च वाढणार होता. त्यांनी तो मान्य केला. चारही प्लेटमध्ये लोगोची जागा कोरी सोडली आणि तिथे ०२१ चढवला. लेटरहेड शेजारी ठेवलं, रंग जुळला.

पॅन्टोनचा रिफ्लेक्स ब्लू तर याहून अवघड. फोरकलरमध्ये तो जांभळ्याकडे झुकतो, म्हणून निळ्या रंगात मी मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्के कमी ठेवतो. निळा थोडा वेगळा दिसतो, पण निळाच राहतो.

संस्थेचा लोगो करून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: रंग संगणकाच्या पडद्यावर पसंत करू नका. त्याची फोरकलरमधली टक्केवारी आधीच ठरवून घ्या, आर्टपेपरवर आणि साध्या कागदावर छापून दिवसाच्या उजेडात पाहा, आणि मगच होकार द्या.